पाच अक्षरांचं कुलूप

कुलूपवाल्यांचं इंग्रजी म्हणजे आनंदच होता. इंग्रजीत अर्ज भरायची वेळ आली की ते बायकोला पुढे करायचे आणि स्वतः चष्मा शोधत बसायचे. पण पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ म्हटला की याच माणसाच्या अंगात यायचं. हा नाद लावला होता लेकीने, ठकूने. नोकरीच्या गावाहून ती रोज सकाळी एक शब्द मनात धरायची आणि दुकान उघडल्या उघडल्या हे तो ओळखायला बसायचे. सहा प्रयत्नांची मुभा. फोनवर शब्द पाठवला की तिचं उत्तर यायचं: अक्षर बरोबर जागी असेल तर टिक, शब्दात आहे पण जागा चुकली तर बाण, नाहीच तर फुली. एका शब्दात एकच अक्षर दोनदा घ्यायचं नाही, हा बापलेकींचा आपसांतला नियम.

निम्म्या शब्दांचे अर्थ त्यांना ठाऊक नसायचे. पण अर्थाशी काय देणंघेणं, उघडल्याशी मतलब. आधी ए, ई, आय, ओ, यू यांच्यापैकी घरात कोण आहे ते चाचपायचं, मग बाकीच्यांची उलटतपासणी. आणि धंद्यातली एक सवय हाडीमाशी खिळलेली होती. जी किल्ली लागली नाही ती बाजूला काढून ठेवायची, त्या कुलपाला पुन्हा लावायची नाही. फुली पडलेलं अक्षर त्यांनी पुन्हा वापरलंय असं कधी झालं नव्हतं. गिऱ्हाइकं मात्र वैतागायची. स्वतःच्या घराबाहेर अडकलेला माणूस घामाघूम होऊन उभा, आणि हे त्यालाच विचारणार, "मध्ये ओ, शेवटी के, सुचतंय का काही?"

त्या सकाळी मात्र खेळाच्या आधी ठकूचा निरोप आला. परदेशातली नोकरी तिला मिळाली होती आणि होकार कळवायचा आज शेवटचा दिवस होता. गेला महिनाभर ती विचारत होती आणि बाबा "बघू" म्हणत होते. त्या घरात "बघू" म्हणजे काय, हे भिंतींनाही पाठ होतं. तिने लिहिलं होतं, "बाबा, तुम्ही तोंड उघडत नाही म्हणून हा उपाय. आजचा शब्द ओळखलात तर मी जाते. नाही ओळखलात तर थांबते, आणि पुन्हा विषय काढणार नाही."

"लेक आहे की वकील," कुलूपवाले पुटपुटले. हात सवयीने फोनकडे गेला.

समोरच्या स्टुलावर एक नर्सबाई बसल्या होत्या. त्यांच्या बॅगेचं कुलूप अडकलं होतं, ड्युटीचे कपडे आत होते आणि उशीर होत होता. कुलूपवाले एका हाताने बॅगेशी झटत होते, दुसऱ्या हाताने खेळत होते.

पहिला शब्द पाठवला, ट्रेन. टी आणि आय या दोघांना बाण, आर, ए, एन या तिघांना फुली. मग लाइट. एलला फुली, पण पुढच्या आय-जी-एच-टीला ओळीने टिक! आता फक्त पहिलं अक्षर हवं होतं. फाइट, फुली. माइट, फुली. त्यांना ठाऊक असलेल्या शब्दांत आता दोनच उरले, साइटचा एस आणि आठ आकड्याच्या एटचा ई. प्रयत्नही दोनच उरले होते. म्हणजे शब्द हाती आल्यातच जमा होता.

आणि इथे त्यांचा अंगठा थांबला. दोनदा चुकलं की पोरगी इथेच राहणार. बापाने अडवलं असं कुणी म्हणणार नाही, खेळात हरला बिचारा, एवढंच म्हणतील. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही. त्यांनी घाईघाईने नाइट लिहिलं आणि पाठवून दिलं.

फुली आली नाही. फोनच वाजला.

"बाबा, एन?"

"काय एन?"

"एनला पहिल्याच फेरीत फुली दिली होती मी."

"चुकून झालं गं. वय झालं आता."

"तुमच्या हातून? लागली नाही ती किल्ली पुन्हा हातात न धरणारा माणूस म्हणे चुकला. बाबा, नाही म्हणायचं असेल तर तोंडाने म्हणा. माझ्याशी खेळताना लबाडी नको."

चोरी पकडली गेली होती. नर्सबाईंसमोर आवाज खाली आणण्यातही अर्थ नव्हता, दुकान ते केवढं.

"मग ऐक," कुलूपवाले म्हणाले. "तू गेलेली मला नको आहे. तू शनिवारी येतेस, त्या शनिवारवर मी सगळा आठवडा ढकलतो. तू गेल्यावर शनिवारी मी काय करू, ते मला माहीत नाही."

ठकू म्हणाली, "हे महिनाभर का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस."

"आणि आज गुपचूप मला थांबवायला निघालात."

"हो. मोह झाला. माणूस आहे मी."

तिला हसू आलं की काय, ते फोनवर नीट कळलं नाही. "एक प्रयत्न उरलाय," ती म्हणाली. "आता नीट खेळा."

आता आली का पंचाईत! किल्ल्या दोन आणि संधी एक. दुसरी संधी त्यांनी स्वतःच्या हाताने मातीत घातली होती. आता त्यांना मनापासून जिंकायचं होतं, आणि तीस वर्षं कुलपं उघडलेल्या माणसाला एका अक्षराने घाम फोडला होता. एस की ई? ई की एस? शेवटी डोळे मिटून ते म्हणाले, "साइट."

"फुली, बाबा. एट होता." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "हरलात तुम्ही. म्हणजे मी थांबते. ठरलं होतं तसं."

महिनाभर जे हवं होतं ते हातात पडलं होतं, तेही लबाडी न करता. पण त्या आवाजात रुसवा नव्हता. रुसवा असता तर त्यांनी शनिवारी लाडीगोडी लावून तो काढला असता. ती खरंच थांबणार होती. स्वतःच्या शब्दाला बांधून घेऊन, हूं की चूं न करता.

"ठकू, होकार कळवून टाक," ते म्हणाले.

"पण तुम्ही हरलात ना?"

"खेळात हरलो. तुला तोंडाने सांगायला हवं होतं ना, मग तोंडाने सांगतोय. जा तू."

बोलता बोलता त्यांनी नाक ओढलं. मग तिने विचारलं, "बाबा, तुम्ही रडताय?"

"समोर गिऱ्हाईक बसलंय, रडेन कशाला?"

ड्युटीला उशीर झालेल्या नर्सबाईंनी स्टूल रस्त्याच्या बाजूला वळवलं आणि त्या कुलूपवाल्यांकडे पाठ करून बसून राहिल्या.