सासूबाईंचा गुडघा आणि मी

मी थंड शेकाची पिशवी बोलतेय. आधी ते दार लावून घ्या. भिंतींना कान असतात म्हणतात. आमच्याकडे तर भिंतीपलीकडे गिऱ्हाइकंच उभी असतात. पुढे लॉन्ड्रीचं दुकान आणि मागे आमचं घर.

कारखान्यात माझ्या पोटात निळा गर भरला, तोंड बंद केलं आणि औषधांच्या दुकानात धाडलं. तिथून सासूबाईंनी मला आणलं. "गुडघ्यासाठी हवीय हो," असं त्यांनी दुकानदाराला कुणी न विचारताच सांगितलं. न विचारता खुलासे देणाऱ्या माणसावर माझा तेव्हापासून विश्वास नाही.

तो गुडघाही संशयास्पदच. अधूनमधून दुखायचा. दुखला की बाई मला रुमालात गुंडाळून खोलीत न्यायच्या आणि कडी लावायच्या. एरवी त्याच गुडघ्यांवर उकिडव्या बसून तासन्‌तास चादरी चोळायच्या! मी काय ते समजले, पण गप्प राहिले. बर्फाच्या कप्प्यातलीनं तोंड कशाला उघडायचं?

आणि मग सून मला चोरून न्यायला लागली.

न्हाणीघरात जायची, नळ सोडायची आणि रडायची. अवघड जागी पुटकुळ्या फुटून त्यांचे फोड झाले होते. इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहवेना, स्टुलावर बसवेना. लघवीला जायचं म्हटलं की जीव मुठीत. मला तशीच, बिनरुमालाची टेकवायची आणि कळवळायची. त्यात तिनं आणखी एक घोळ घातला. धोब्याघरची ती, कुठलाही डाग सोड्यानं निघतो हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. घेतला धुण्याचा सोडा आणि तिथं लावला. आई गं! पुढचं मला सांगवत नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिला हर्पीस म्हणून सांगितलं होतं, गोळ्याही दिल्या होत्या. पण हा नवराबायकोच्या संबंधातून येतो हे ऐकल्यापासून तिचं डोकं एकाच जागी अडकलं. नवरा घरोघरी इस्त्रीचे कपडे पोचवायचा. ती रोज त्याच्या शर्टाची कॉलर हुंगायची, खिसे उलटे करायची. आम्हा लॉन्ड्रीवाल्यांपासून कापड काही लपवू शकत नाही. त्याच्या कपड्यांवर काही म्हणजे काही सापडलं नाही. तरी तिनं बॅग भरली. खरं सांगू, मलाही तोच चोर वाटत होता.

बॅग उचलतानाच सासूबाई आत आल्या. खाटेवर मी पडलेली, शेजारी सोड्याचा डबा.

"माझी पिशवी तुला कशाला गं?"

"गुडघा दुखतोय."

सासूबाई खाली बसल्या. "माझाही तिथंच दुखतो," त्या हळूच म्हणाल्या.

सुनेनं मान वर केली.

"अगं वेडे, हा काय डाग आहे सोड्यानं घासायला? साध्या पाण्यानं धू, हलकं टिपून घे. सैल सुती घाल. लघवीला जळजळलं तर वरून पाणी ओत. पिशवी रुमालात गुंडाळूनच ठेव, तीही थोडाच वेळ. आणि गोळी चुकवू नकोस."

"पण आई, हे आलं कुठून? ह्यांनीच..."

"मीही तेच म्हणाले होते. तुझ्या सासऱ्यांशी बोलणं टाकलं. ते विचारत राहिले, काय झालं, काय झालं. मी मात्र त्यांच्या कॉलरी हुंगत बसले. पुढे ते गेले. मग डॉक्टरांनी सांगितलं, हे अंगात वर्षानुवर्षं झोपून राहतं, लग्नाआधीचंही असू शकतं, कुणाकडून कुणाला ते कळत नाही. आता कुणाला विचारू?" आणि त्या रडू लागल्या.

सुनेनं बॅग खाली ठेवली. मग दुकानाच्या दाराशी जाऊन म्हणाली, "अहो, जरा आत या. विचारायचंय."

त्यांचं काय बोलणं झालं ते सांगता येणार नाही. सासूबाईंनी मला उचलून परत कप्प्यात ठेवलं. त्यानं खरं सांगितलं का? मला अजून संशय आहे. स्वभावाला औषध नाही. पण दुसऱ्या दिवशी दोघं मिळून डॉक्टरीणबाईंकडे गेले.

आता माझा एक कोपरा झिजलाय, गर थोडा पाझरतो. फेकायची वेळ आलीच आहे. फेका, पण नवी आणाल तेव्हा दुकानदाराला गुडघ्याचं नाव सांगू नका. परवा मला न्यायला नवराच आला होता. येताना त्यानं धुतलेला रुमाल आठवणीनं आणला होता, आणि खोलीचं दार त्यानं उघडंच ठेवलं.