बिभीषणचा चांगुलपणा

पारनेरच्या कांदा मार्केटात लिलाव पुकारणाऱ्या बिभीषण औटीच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं. बोली चढवताना तो व्यापाऱ्याच्या बापाची, आजाची आणि टकलाचीही विचारपूस करायचा. घरी आला की तेच प्रेम बायकोच्या, गोजरबाईच्या वाट्याला यायचं. लग्नाला तीसेक वर्षं झाली तरी 'भाकर वाढ' हे वाक्य तिनं शिवीशिवाय ऐकलं नव्हतं.

मग त्याची पाठ दुखायला लागली आणि नगरच्या डॉक्टरांनी रक्ताचा कॅन्सर सांगितला. पहिल्या दिवशी बिभीषणनं कॅन्सरच्याही आईचा उद्धार केला. गोजरबाईला तेवढाच धीर आला.

पण औषधं सुरू झाली आणि माणूस हळूहळू गप होत गेला. दिवसभर भिंतीकडं बघत बसायचा. घरच्या गाईचं नाव त्याला आठवेना. एकदा ताट बाजूला सारून म्हणाला, "छान झाली आमटी." गोजरबाईनं आमटी परत चाखून बघितली.

गाव मात्र खूश होतं. "आजारानं मानूस सुधारला," लोक म्हणायचे. सगळ्यांत खूश होता धाकटा भाऊ राधाकृष्ण. दोघांचं बांधावरून जन्माचं भांडण. एक दिवस तो कंबर कसून आला. "दादा, बांध दोन हात तुझ्याकडं सरकवतो."

"सरकव बाबा. तुला बरं वाटंल तसं."

राधाकृष्ण भांडायच्या तयारीनं आला होता, आता हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. धक्का ओसरल्यावर त्यानं ट्रॅक्टर सांगितला.

गोजरबाई बांधावर जाऊन उभी राहिली. "भावजी, ह्या बांधापायी तुमचे दादा तुमच्या लग्नात न जेवता उठले हुते. तो मानूस 'सरकव' म्हनतोय म्हंजे कायतरी बिघडलंय. डॉक्टरला इचारून येते, तवर ट्रॅक्टर हलवला तर मी आडवी पडंन."

राधाकृष्णनं ट्रॅक्टर माघारी धाडला.

बिभीषणला घेऊन ती नगरच्या दवाखान्यात गेली आणि डॉक्टर सुकन्याबाईंना म्हणाली, "मॅडम, दोन म्हयने झाले, ह्यांनी मला शिवी दिली न्हाई."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची बिभीषणकडं वळवली. झोप लागते का, कशात मन रमतं का, जगणं नको वाटतं का?

"वाटतं कदी कदी," बिभीषण फरशीकडं बघत म्हणाला. "ही तरी मोकळी हुईल."

गोजरबाईनं त्याचा हात धरला. एवढं मोठं वाक्य तो किती दिवसांत बोलला नव्हता, आणि बोलला तर हे.

डॉक्टरांनी परत तपासण्या केल्या. रक्ताच्या तपासणीत अंगातली सूज फार वाढलेली निघाली, फुप्फुसात जंतूंचा संसर्गही दबा धरून बसला होता. "ताप आला की कुणाशी बोलू नये, नुसतं पडून राहावं असं वाटतं ना?" त्या म्हणाल्या. "अंगातल्या सुजेचा निरोप मेंदूपर्यंत जातो. या आजारात तसं ताप नसतानाही होऊ शकतं. त्यात मनाचा ताण आणि औषधांचा परिणाम. सगळ्यांवर इलाज करू."

"म्हंजे मी भित्रा झालो न्हाई?" बिभीषणनं विचारलं.

"नाही."

"मला वाटलं मी आतनं आदीच मेलोय," तो म्हणाला आणि रडला. गोजरबाईनं पदर पुढं केला. त्यानं त्यात नाकही शिंकरलं.

संसर्गावर औषध झालं, कॅन्सरच्या गोळ्या बदलल्या, मनासाठी वेगळी गोळी आली, समुपदेशकाकडं खेपा झाल्या. सुधारणा गोगलगाईच्या पावलांनी आली. दिवाळीच्या सुमारास राधाकृष्ण बांधाचं काय ते विचारायला आला. बिभीषणनं सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि भावाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या पिढ्या आपल्याही आहेत, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

राधाकृष्ण मटकन ओट्यावर बसला. डोळे पुसत म्हणाला, "वहिनी, च्या टाका." बांध जागच्या जागी राहिला.

आजार अजून आहे. शब्द मधेच निसटतात. स्टेरॉइडची गोळी असली की बिभीषण इतका बोलतो की गोजरबाई कानात कापूस घालते.

परवा दवाखान्यात बेलापूरचं एक जोडपं शेजारी बसलं होतं. नवरा भिंतीकडं बघत होता. बायको कौतुकानं म्हणाली, "आजारपनात लई शांत झाल्यात. अगदी देवमानूस."

बिभीषण पुढं वाकला. "बाई, मीबी झाल्तो," तो म्हणाला. "लाजू नका, आत गेल्यावर पैलं हेच सांगा."