तेंदूपत्ता नव्हे, प्लास्टिक

घनश्याम दुकानांच्या पाट्या रंगवायचा. निम्म्या बालाघाट शहरावर त्याचा हात फिरलेला. पण मोहल्ल्यात त्याची ओळख एकच, ज्याचा विहार भिजला तो. मोहल्ल्यात खरा विहार अजून नव्हताच. कसा बांधायचा ते दाखवायला त्याने मागच्या बुद्धपौर्णिमेच्या मिरवणुकीत पुठ्ठ्याचा नमुना केला होता. वळवाची एक सर आली नि घुमट मटकन बसला. लोक वर्षभर हसले.

म्हणून यंदा प्लास्टिक. पाटाएवढी पांढरी शीट त्याचा मित्र सुखरामने नागपूरहून आणली, अरुंद रुळांच्या छोट्या लाईनच्या गाडीत मांडीवर धरून. एकुलती एक. मिरवणूक परवावर आली तरी घनश्याम तिला हात लावेना. दुधाने तोंड पोळलेला माणूस तो, ताकही फुंकणारच. सोबत आलेल्या एका पट्टीवर तो हत्यारं पारखत बसला. आईची बिड्यांसाठी तेंदूपत्ता कापायची कैची चालवली, पट्टी तडकली. आरीचं पातं फिरवलं, कड वितळून चिकटली. सुरी तापवून पाहिली, तर असा वास सुटला की शेजारची चंपाबाई काय जळलं म्हणून बघायला आली.

"लय कडक हाय वो माय, तडकून राह्यली," तो आईला म्हणाला.

शेवंताबाई बिड्या वळत होती. "हौ," एवढंच बोलली.

शेवटी त्याला युक्ती सुचली. आरीचं तुटकं पातं लोहाराकडे नेऊन त्याने घासून घेतलं, पोपटाच्या चोचीसारखं. तिथेच पट्टीवर ओरखडा पाडला, कडेवर ठेवून दाबलं. टक्कन सरळ तुकडा पडला! गडी हवेतच घरी आला.

अंगणात चुलीवर धान उकडायचा गंज रटरटत होता. शेजारी शीट पडली होती. शीट कसली, भाजलेला पापड! घनश्याम ओरडलाच.

"माय! हे काय केलं वो तू?"

"तूच म्हनला ना, कडक हाय," शेवंताबाई पुटपुटली. "पत्ता कडक असला का आपन भिजवतोच. थंड्या पान्यात नरम पडेना, म्हनून गरम पान्यात टाकली."

"पत्ता हाय काय ते? तुले कोनं सांगतलं मधात पडाले? आता आनखी हसतीन लोकं!"

आईशी तो असा कधी बोलला नव्हता. ती पदराखाली हात घेऊन ऐकत राहिली.

राग ओसरल्यावर डोकं चालू लागलं. गरम पाण्यात वाकली, तर गरम पाण्यातच सरळही होईल. त्याने चिमट्याने शीट पुन्हा बुडवली, दोन पाटांमध्ये घातली, वर जात्याची तळी ठेवली. निवल्यावर पाहतो तर सपाट! एक कोपरा तेवढा कुबडा राहिला, तो मागच्या भिंतीला चालणार होता.

"माय, हे फूटपट्टी दाबून धर वो," तो हरखून म्हणाला.

"चंपाबाईले बोलाव."

रुसली असेल, असं वाटून त्याने हसतच तिचा पदर सारला. आणि हबकला. दोन्ही हातांची बोटं फोडांनी टरारली होती. शीट वाकताना पाहून तिने चिमटा शोधलाच नव्हता, रटरटत्या पाण्यात सरळ हात घातले होते. त्याच बोटांनी ती बिड्या वळायची.

घनश्याम गार पाण्याचा तांब्या आणायला उठला. चोचीचं पातं हातातून खाली पडलं.

"पयले हे सांग," शेवंताबाई म्हणाली, "विहार होईन ना?"