लाल चिमटा

पनवेलच्या एका दवाखान्यात ईसीजी काढायचं काम रंजिताचं. समोरच्या भिंतीवर देवीचा फोटो दिसताच तपासणीला आलेले बळीरामकाका खाटेच्या पायथ्याकडे डोकं करून उलटे आडवे झाले. "देवीकडं पाय करून नाय झोपनार मी!"

रंजिता हसली. खिडकीकडच्या हाताला मशीनचा लाल चिमटा, दुसऱ्याला पिवळा, असे रोजच्या सवयीने लावून मोकळी झाली.

कागद पाहून नव्या डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "हृदयातला विजेचा प्रवाह उलटा दिसतोय. मुंबईला हलवा." काकांच्या पत्नी वेणूकाकू रडू लागल्या. करंजाड्याहून लेक गाडी घेऊन निघाला.

चिमटे पुसताना रंजिताचा हात थबकला. लाल चिमटा उजव्या हाताचा, आणि काका उलटे झोपल्यामुळे खिडकीकडे आला होता डावा. गप्प बसावं, असं तिला क्षणभर वाटलंही. त्याचीच तिला जास्त लाज वाटली.

"काका, माझी चूक झाली. पुन्हा काढते," ती सगळ्यांसमोर म्हणाली. कान नुसते तापले होते.

दुसरा कागद स्वच्छ आला. डॉक्टरांनी मुंबईला हलवणं रद्द केलं.

"तू कशाला रडतेस गो? हिला रडवलंस तेवढं पुरं हाय," रंजिताचे भरून आलेले डोळे पाहून काका म्हणाले.

वेणूकाकूंनी पदराने डोळे पुसले, पण रंजिताकडे पाहिलं नाही.