कौशल्याच्या अंगणातली भुलाबाई

कौशल्याने झाकणाचा डबा कानाशी धरून पुन्हा जोरात हलवला. आवाज आला नाही. आवाजावरून खाऊ ओळखू येऊ नये म्हणून आत तिने फडकं गच्च भरलं होतं.

"सांगा, काय खाऊ हाये?"

अंगणात भुलाबाईपुढे गाणी म्हणून बसलेल्या आठ पोरी एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या. बाळापूरच्या किल्ल्याखाली दोन नद्या मिळतात तिथली माती आणून कौशल्याने यंदा स्वतः भुलाबाई-भुलोजीच्या मूर्ती घडवल्या होत्या. तिची लेक जमुना मागच्या साली आषाढात तापाने गेली. त्या भादव्यात कुणी या दारात फिरकलं नाही. यंदा, एकसष्ट साली, पोरी बिचकत का होईना आल्या होत्या.

"मुरमुरे?"

"नाई."

"चकल्या?"

"नाई वं."

एकीने जांभई दिली. इथे मन रमलं नाही तर उद्या या येणार नाहीत, या धास्तीने कौशल्याचा जीव टांगणीला लागला.

"पयले तं तुमी मी डबा हलवायच्या आधीच सांगत व्हत्या," ती हसू आणत म्हणाली. "आता काय झालं?"

जमुनाची जिवाभावाची मैत्रीण वच्छला तेवढी हळूच बोलली, "काकू, जमुना आमाले दाखवे ना. खाऊचा एक तुकडा परकरात लपवून आने. मंग आमी बराबर सांगो."

कौशल्याचा हात डब्यावरच थांबला. खाऊ दरवेळी एकाने कमी भरायचा, हे तिला ठाऊक होतं. शेवटच्या वर्षी तर तिने जमुनाला चोरटी म्हणून चांगलं बदडलं होतं. पोरीने मुकाट मार खाल्ला, पण मैत्रिणींचं नाव काही घेतलं नाही. कौशल्याला वाटलं, इथेच बसून धाय मोकलून रडावं. पण समोर पोरी होत्या.

तिने डबा उघडून राजगिऱ्याच्या वड्या वाटल्या. पोरींनी निमूट खाल्ल्या, भुलाबाईला नमस्कार केला आणि त्या शेजारच्या घराकडे निघाल्या.

"वच्छला, थांब वं."

वच्छला भेदरून दारातच उभी राहिली. कौशल्या आत गेली. उद्याच्या खाऊसाठी तळून ठेवलेल्या सांजोऱ्यांतली एक तिने मोडली आणि बाहेर येऊन अर्धी वच्छलाच्या ओच्यात टाकली.

"बाकीच्या पोरींले दाखवजो," ती म्हणाली. "मी काईच पायलं नाई."