हरभऱ्याएवढ्या गाठी

न्हाव्याचा उजवा हात गेला, की उरतं ते तोंड. माझं पहिल्यापासूनच जोरात चालतं, त्यामुळे आजारपणात हाल झाले ते माझे कमी आणि घरातल्यांचे जास्त. अर्धांगाचा झटका तसा हलका होता. पाय लवकर ताळ्यावर आला, जीभ तर थांबलीच नव्हती. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट मात्र भांडलेल्या जावांसारखे एकमेकांकडे बघायला तयार नव्हते.

दुकान धाकटा भाऊ सांभाळत होता. त्याची कात्री चांगली आहे, वस्तरा बरा आहे. पण दाढीला येणारी जुनी गिऱ्हाइकं माझी होती, आणि मला पुन्हा त्या खुर्चीमागे वस्तरा घेऊन उभं राहायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

व्यायाम शिकवायला घरी येणारी मुलगी म्हणाली, "काका, बोटांना काहीतरी बारीक काम द्या." ती जिना उतरते न उतरते तोच आमच्या हिने क्रोशाची सुई माझ्यापुढे धरली.

"हे बायकांचं काम आहे," मी म्हणालो.

"मग बसा माश्या मारत. तेही बारीकच काम आहे."

हिच्या कपाटात एक कापडी पिशवी आहे. विणून उरलेली सगळी लोकर त्यात जाते. मुलीचा शाळेचा स्वेटर, भाच्याचं टोपडं, कुणाकुणाचे मोजे, सगळ्यांचं थोडं थोडं त्यात पडून होतं. या पिशवीचा हिचा एक नियम आहे. आत न बघता हात घालायचा आणि जो रंग हाताला लागेल तो घ्यायचा. निवडत बसलं की काम राहतं बाजूला, असं तिचं म्हणणं.

तसा आमचा मफलर सुरू झाला. नमुना नाही, माप नाही. आधी तपकिरी आली. ती संपल्यावर पिवळी हाताला लागली, ती जाड, म्हणून तिथे पट्टा फुगला. निळी फारच बारीक निघाली, तर तिचे दोन पदर एकत्र घेतले. रंग बदलताना मी एक टोक दातात धरायचो, दुसरं डाव्या हातात, आणि गाठ मारायचो. ती हरभऱ्याएवढी व्हायची. ही जोडते तेव्हा टोकं टाक्यांच्या आत फिरवून लपवते, सांधा शोधून सापडत नाही. माझ्या गाठी बघून तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या, पण बोलायची नाही. गप्प बसणं तिच्या स्वभावातच नाही. तिथेच मला शंका यायला हवी होती.

सुरुवातीला नुसता सावळागोंधळ होता. एक टाका करकचून आवळलेला, तर दुसऱ्यातून बोट जावं इतका सैल. ओळीचा शेवटचा टाका हमखास राहायचा, त्यामुळे पट्टा निमुळता होत चालला. दुपारी जेवून आडवा व्हायचो तो वैतागूनच. पण संध्याकाळी विणकाम हातात घेतलं की वाटायचं, अरे, सकाळी वाटलं त्यापेक्षा बरं जमलंय की. मग रोजच तसं वाटायला लागलं. कडा सरळ झाल्या, टाके एकसारखे दिसू लागले. मी हवेतच होतो. धाकट्याला निरोप धाडला, उद्या येतो, माझी खुर्ची पुसून ठेव.

सकाळी घरातली वस्तऱ्याची पेटी काखेत मारली आणि मफलर गळ्यात घातला. दुकानात मिरवायचा होता ना! दाराशी चपला घालताना अंगठा सहज त्यावरून फिरला. तपकिरी संपून पिवळी लागते तिथे गाठ नव्हती. पिवळीच्या शेवटीही नव्हती. खिडकीपाशी नेऊन पाहिलं. टोकं आत वळवून लपवलेली होती, अगदी सुबक.

"माझ्या गाठी कुठे गेल्या?" मी विचारलं.

ही कपडे वाळत घालत होती. हातातला टॉवेल तसाच राहिला.

"तुमचा चेहरा बघवत नव्हता हो मला. जेवतानासुद्धा त्या हाताकडेच बघत बसायचात. म्हणून दुपारी तुमचा डोळा लागला की तुमच्या ओळी उसवायची आणि नीट करून ठेवायची. गाठी तशाच ठेवणार होते, पण हात ऐकेना."

मग मी तोंडाला येईल ते बोललो. "मी आज माणसाच्या गळ्यावर वस्तरा ठेवणार होतो! तुझ्या टाक्यांच्या भरवशावर!" 

"मी अडवणार होते तुम्हाला."

"कधी?"

तिने टॉवेल दोरीवर टाकला आणि मफलरचं टोक हातात धरलं. म्हणाली, "हिरवी लागल्यापासून मात्र मी हात लावलेला नाही. गरजच पडली नाही. हिरवं आहे ते सगळं तुमचं."

हिरवा भाग शेवटचा, चांगला हातभर. कडा सरळ, टाके नीट. जिथे हिरवी जोडली होती तिथे माझी गाठही होती. पण मला आता तीही खरी वाटेना. शिकली असेल ती तशी गाठ मारायला. एरवी हे हातभर विणकाम पाहून मी चाळीभर सांगत सुटलो असतो. आता माझं स्वतःचं काम हातात होतं आणि माझाच त्याच्यावर विश्वास नव्हता. मला फार एकटं वाटलं. ते मी तिला तसंच सांगितलं.

तिने माझ्या काखेतली पेटी घेतली. वाटीत पाणी आणलं, ब्रशने फेस केला. खिडकीशी खुर्ची ओढली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. वेणी पुढे घेतली, मान खाली केली.

"मानेवरची लव काढून द्या."

"वेड लागलंय का तुला?"

"गिऱ्हाइकाशी असं बोलतात का हो?"

मी हात धुतले. तिच्या मानेला फेस लावला. वस्तरा उघडून अंगठा आणि बोटामध्ये धरला. दोघांनी तो धरला खरा, पण किती वेळ धरतील ते मला माहीत नव्हतं. तिला तर नव्हतंच. डाव्या हाताने कातडी ताणली आणि पातं वरून खाली ओढलं. फेस निघाला, खाली कातडी स्वच्छ होती. तिच्या सगळ्या मानेवर काटा आला होता, पण मान तसूभरही हलली नव्हती.

"भीती वाटतेय?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "थांबू नका."