फुलं धाडली, लेक ठेवली

जावई सासुरवाडीला आला म्हणजे त्याने पायांवर पाणी घ्यावं, बसावं, चहा प्यावा. यशोदाचा जावई सिद्धेश आला की आधी विहिरीवर जायचा आणि बादल्या ओढून मोटारसायकल धुवायला बसायचा. टाकीला केसांचा शाम्पू. चाकाच्या तारांना दातांचा जुना ब्रश. सायलेन्सरला बनियनचं मऊ फडकं. आरसे त्याने काढून टाकले होते, कारण आरसे असले की गाडी म्हाताऱ्याची दिसते म्हणे. हॅण्डलला मात्र दर शनिवारी ताजी लिंबू-मिरची. एवढी अंघोळ आणि पूजा उरकली तरी पुढच्या चाकाकडे त्याचं लक्ष जायचं नाही. त्या टायरची नक्षी केव्हाच झिजून गेली होती, नुसता गोटा उरला होता. शाम्पूने काही नक्षी उगवत नाही, हे त्या शहाण्याला कोण सांगणार?

यशोदा सांगायची. त्या दिवशीही ओट्यावर तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, “जावयबापू, ह्यो पुढलो टायर बदलूक होयो.”

“मामी, पुढलो टायर नावाक आसता,” सिद्धेश मान वर न करता म्हणाला. “भार सगळो मागल्यार. आनी पुढलो ब्रेक मी मारतंयच नाय.”

“पावसाचे दिवस आसत.”

“पावस काय आमका नवो आसा?”

पलीकडे सुपारी कातरत बसलेला बाबली हसला. बाबली हा यशोदाचा धाकटा दीर. पेडण्याच्या स्टॅण्डवर काळ्या-पिवळ्या मोटारसायकलवरून भाड्याने माणसं नेणारा पायलट, त्यामुळे चाकं असलेल्या सगळ्या वस्तूंबद्दल वाडीत त्याचाच शब्द शेवटचा.

“वयनी, टायरान कोण पडना नाय,” तो म्हणाला. “पडपाचो आसता तो पडता.”

बाबली स्वतः पुष्कळदा पडला होता. एकदा म्हैस आडवी आली म्हणून, एकदा वळणावर रेती होती म्हणून, एकदा घरातून निघताना कुणीतरी ‘खंय चल्लंस’ असं विचारलं म्हणून. एका खांद्याचं हाड वर आलेलं अजून दिसायचं. पण टायरचं नाव त्यात कधी आलं नाही. असल्या माणसाला विचारून सिद्धेश गाडी चालवायचा.

हेल्मेट त्याच्याकडे होतं, लाल रंगाचं, वर वाघाचं चित्र. ते टाकीवर बसून फिरायचं. पोलीस उभे असतात त्या पुलाच्या अलीकडे ते डोक्यावर चढायचं आणि पूल ओलांडला की परत टाकीवर. यशोदाच्या लेकीसाठी, गौरवीसाठी, ते सोंग करायलाही दुसरं हेल्मेट नव्हतं. बायकांना पोलीस कुठे विचारतात, असा त्याचा हिशेब.

त्या दिवशी गौरवीची फुलं होती. पहिलटकरणीला पाचवा महिना लागला की माहेरी बोलावून तिच्या केसांत फुलं माळतात. वाडीतल्या सवाष्णी जमतात, आंबाड्याभोवती अबोली, जाई, शेवंती गुंफतात, ओटी भरतात. चतुर्थी होऊन गेली होती. भात पोटरीला आलं होतं आणि ऊन पडलं म्हणेपर्यंत एखादी सर येऊन अंगण पुन्हा निसरडं करून जायची. गौरवीची सासू सुशीला तिकडे डिचोलीकडच्या पाळीहून आली नव्हती, पण निरोप तिने कडक धाडला होता. दिवेलागणीच्या आत सून घरी पोचली पाहिजे, आणि फुलं जशी माळली तशी शाबूत डोक्यावर दिसली पाहिजेत. शेजारणी बघायला बसणार होत्या.

यशोदाला स्वतःला फुलांना हात लावायची मुभा नव्हती. नवरा भिकाजी काविळीने गेला तेव्हापासून ती असल्या कार्यात स्वयंपाकघराच्या दाराशीच बसायची. लेकीला न्हाऊ घालणं तेवढं तिच्या वाट्याला होतं, ते ती मनापासून करायला गेली.

न्हाणीच्या दगडावर बसवून तिने गौरवीच्या पायांना तेल लावायला घेतलं आणि उजव्या पोटरीवर तिचा हात थांबला. गुडघ्याच्या खालपासून घोट्यापर्यंत कातडं खरवडून भरून आलेलं. त्या काळपट चट्ट्यात लाल लाल कण आत रुतून बसलेले.

“ह्यां कसलां गो?”

“न्हाणीत पडलंय.”

यशोदाने अंगठा फिरवला. कण निघाले नाहीत. भिकाजी जन्मभर पाळीच्या खाणीवर टिपर चालवायचा. त्याच्या कपड्यांतून, नखांतून, जखमांतून हीच माती तिने धुतली होती आणि ती कधी पुरती निघाली नव्हती.

“तुमच्या न्हाणीत खाण उघडली काय गो?”

 मग गौरवीच्या तोंडून सगळं बाहेर आलं. चतुर्थीच्या आधी, पाऊस पडत असताना, ट्रकांनी सांडलेला लाल चिखल रस्त्यावर पसरला होता. वळणावर पुढचं चाक सरकलं आणि ती कुशीवर पडून फरफटत गेली. सिद्धेशला ओरखडासुद्धा नाही. गाडीचा मडगार्ड तेवढा वाकला.

“मगे?”

“दुसऱ्या दिसा मडगार्ड सारको करून हाडल्यानी.”

“आनी टायर?”

“तो तसोच.”

“डागदराक काय सांगलंस?”

“न्हाणीत पडलंय म्हणान. ते म्हणाले, लोक हसतले.” तिने आईचा ओला हात घट्ट धरला. “आये, कोणाक सांगा नको. तुका माजी शपथ.”

 पोटात पोर असलेली बायको चिखलातून फरफटली आणि या माणसाला पत्र्याची काळजी! वर लोक हसतील म्हणून तिलाच खोटं बोलायला लावलं. पण पोटुशी लेकीने स्वतःची शपथ घातलेली. ती मोडायची छाती कुठल्या आईला होणार? यशोदाने तिच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि तोंड मिटून घेतलं.

फुलं थाटात झाली. बाबलीची बायको हर्षा या कामात हुशार. तिने आंबाड्यावर असा काही गजऱ्यांचा थर चढवला की गौरवीला मान वळवता येईना. बायकांनी गाणी म्हटली, फोटो काढले, खीर खाल्ली. यशोदा दाराशी बसून लेकीकडे बघत होती आणि तिला फुलांखालचं डोकं तेवढं दिसत होतं.

ऊन कलताना सिद्धेशने गाडी अंगणात काढली. तेवढ्यात एक सर आली. रस्ता तेल ओतल्यासारखा चमकू लागला.

यशोदा ओट्यावरून खाली उतरली. “जावयबापू, गौरवी बशीन येतली. मी पावयतंय.”

“बशीन?” सिद्धेश हसला. “म्हापशाक बदल, डिचोलीक बदल, रात जातली. आनी दारात गाडी आसताना बायल बशीन ईली तर लोक काय म्हणतले?”

“निदान ती वाघाची टोपी तरी तिच्या डोकीर घाला.”

“फुलांवयर टोपी खंय बसता, मामी? फुलां चेचतली. आवशीन सांगल्यान हा, फुलां शाबूत होयी.”

“वयनी, तू आज खूळ लागल्यासारख्या कित्या करतंस?” बाबली मध्ये पडला. “गाडयेक नारळ फोडलेलो आसा. देवाक गाऱ्हाणां घातलेलां आसा.”

“देवान टायर बदलून देवचो काय, भावजी?”

 हर्षाने यशोदाचा पदर ओढला आणि हळूच म्हणाली, आजच्या दिवशी जावयाचा अपमान करू नको. सिद्धेशचं तोंड लाल झालं. त्याने किक मारली. “गौरवी, बस.”

गौरवीने एक पाऊल टाकलं. तिचा हात आपोआप पोटावर गेला. एवढ्या माणसांत तो हात कुणाला दिसला नाही, यशोदाला दिसला.

ती पुढे झाली, लेकीला खांद्याला धरून फिरवलं आणि आंबाड्यातला पहिला आकडा उपसला. मग दुसरा. जाईचा वळसा सुटून तिच्या मनगटावर आला.

“अगो, काय करतंस!” हर्षा किंचाळली. विधवेचा हात आणि पोटुशीच्या केसांतली फुलं, असलं अभद्र त्या वाडीत कुणी पाहिलं नव्हतं. दोघीतिघींनी तोंडावर पदर घेतला. यशोदा थांबली नाही. गजरे, अबोलीची वेणी, शेवंती, सगळं तिने एकही पाकळी न चुरगाळता सोडवलं, केळीच्या पानात ठेवलं, पान दुमडून वर सुतळी बांधली. गौरवीचे केस पाठीवर मोकळे पडले. ती रडत होती, पण जागची हलली नाही.

यशोदाने ते पुडकं टाकीवर, हेल्मेटच्या शेजारी ठेवलं. आजवर ती जावयाला कधी अरे-तुरे बोलली नव्हती.

“तुज्या आवशीन फुलां मागल्यान मां? ही घे फुलां. शाबूत आसत. चेडू हय ऱ्हवता.”

“मामी, ह्यां तुमका जड जातलां.”

“जड तर जड. ज्या दिसा टायर बदलशीत आनी दोन टोपये घेवन येशीत, त्या दिसा बायल घेवन जा.”

सिद्धेश गेला. जाताना त्याने सायलेन्सरचा असा आवाज काढला की कोंबड्या माडाच्या बुंध्याआड पळाल्या. एका गोट्यावर बसून माणूस किती ताठ बसू शकतो ते वाडीने पाहिलं.

मग जे बोलायचं ते लोक बोललेच. यशोदाला वेड लागलंय, लेकीचं सुख तिला बघवत नाही, घरात पुरुष नसला की बाई अशीच होते. हर्षाने येणं सोडलं. शेजारच्या वाडीत एकीची फुलं होती, तिथलं बोलावणं यशोदाच्या दाराला चुकवून पुढे गेलं. पोटरीवरच्या त्या लाल कणांबद्दल तिने एक शब्द काढला असता तर अर्ध्या बायकांची तोंडं बंद झाली असती. शपथेपायी तिने तो काढला नाही. आतल्या आत मात्र ती सगळ्यांना मनसोक्त शिव्या घालायची आणि नाचणीची पेज ढवळायची.

सुशीलाचा फोन आला. सून धाडा, नाही तर कायमची ठेवा. यशोदा म्हणाली, ठेवते. चार दिवसांनी सिद्धेशने गौरवीच्या मोबाइलवर एका टायरचा फोटो धाडला. ‘बदललंय. आवशीक दाखय.’

यशोदाने तो लांब धरून, जवळ धरून पाहिला. “फोटो कोणाच्याय गाडयेचो काढूक येता,” ती म्हणाली. “गाडी घेवन ये म्हणान सांग.”

गाडी आली ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी. त्याला उपरती झाली असं कुणी समजू नये. पाळीच्या हॉटेलात दोस्त विचारू लागले होते, सिद्धेशा, बायल सोडून गेली काय रे? दसऱ्याला गाडीला ओवाळायला बायको नसती तर साऱ्या गावाला उत्तर द्यावं लागलं असतं. बायकोच्या पायाचं सालटं निघालं तेव्हा जो टायर बदलला नव्हता, तो लोकांच्या तोंडासाठी लगेच बदलला.

“जुन्या टायराक खिळो गेल्लो,” तो अंगणात येताच बाबलीला मोठ्याने म्हणाला. “म्हणान बदललंय.” बाबलीने समजूतदारपणे मान हलवली.

 यशोदा वाकली आणि पुढच्या टायरच्या खाचेत बोट घालून पाहिलं. बोट आत गेलं. कोऱ्या रबराचे बारीक केस तळव्याला टोचले. मागचा टायरही तिने तसाच चाचपला. आरसे परत बसले होते. हेल्मेटं दोन होती, त्यातलं एक लहान, निळं. सिद्धेश कौतुकाची वाट बघत उभा होता. यशोदाने त्याला चहा दिला, साखर नेहमीएवढीच घालून.

गौरवीचे केस तिने मागे घट्ट बांधले, निळं हेल्मेट स्वतःच्या हाताने चढवलं आणि हनुवटीखालचा पट्टा लावून दोनदा ओढून पाहिला.

“आये, दाटता. मातशी सैल कर.”

“सैल घराकडे जावन कर.”

गाडी सावकाश गेली. वळणापर्यंत निळा ठिपका दिसत होता. नंतर यशोदाला कामच सुचेना. तिने अंगण दोनदा झाडलं, भिजत घातलेले चवळीचे दाणे उगाच निवडले. मध्ये एक सर येऊन गेली तेव्हा ती ओट्यावर येऊन उभी राहिली. टायर नवा असला म्हणून रस्ता काही नवा होत नाही, आणि समोरून येणारे तर सगळे बाबलीच असतात.

दिवेलागणीला फोन वाजला. सुशीला होती.

“पावलां तुजां चेडू,” ती फणकारली. “पण यशोदाबाय, सून दारात ईली ती डोकीर मडक्यां घालून. शेजारणी बगूक बसलेल्यो, सगळ्यो हसल्यो. काढल्यान तर केसांचो नुसतो पिंजर, फूल एक औषदाक नाय. ही काय रीत?”

यशोदा भिंतीला टेकून खाली बसली. 

“केस विस्कटले तर विंचरूक येतत, विहीणबाय,” ती म्हणाली. “विंचरूक डोकी जाग्यार आसा मां?”